चाकूरपर्यंतचा ऑइल कूलर

मलप्पा आप्पांची पांढरी अँबॅसडर लातूरहून नांदेडला निघाली की चाकूरला पोचायची, आणि पोचली की थांबायची. कुणी थांबवत नसे. तिची तीच थांबे. आधी बॉनेटच्या फटीतून थोडी वाफ, मग बरीच वाफ, मग उकळत्या भांड्यावर झाकण नाचावं तसा आवाज, आणि शेवटी रस्त्याकडेच्या चिंचेखाली एक दीर्घ उसासा. दर वेळी तीच चिंच. तिथल्या चहावाल्याला इतकी सवय झाली होती, की लांबून पांढरी गाडी वाफा टाकत येताना दिसली की तो आधण वाढवायचा आणि बाकडं सावलीत ओढून ठेवायचा.

एके काळी ही गाडी माहूरचा घाट न थांबता चढली होती, असं आप्पा सांगत. ते खरंही असावं, कारण गाडीत बसलेले सगळे तेच सांगत. पण लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षापासून गाडीनं चाकूर ओलांडलं नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. त्या वर्षी लातुरात बऱ्याच गोष्टी बिघडल्या होत्या.

आप्पांना या थांबण्याचं फार काही वाटत नसे. त्यांचं आयुष्य आडत दुकानात गेलेलं. भाव चढेपर्यंत थांबायची सवय होती. त्रास व्हायचा तो त्यांच्या मुलाला, संगमेशला. संगमेश लातुरातल्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि त्यातही उष्णतेचा धडा. क्लासच्या गल्लीत त्याचा हाताची घडी घातलेला मोठा फलक होता: ‘हीट म्हणजे संगमेश सर’. चाकूरला वाफेच्या ढगात उभं राहिलेल्या संगमेश सरांकडे बघून, नांदेडच्या एसटीच्या खिडकीतून पोरं मोठ्या आदरानं हात हलवायची. “सर, हीट!” असं एकदा एक जण ओरडलाही. सरांनी ते ऐकलं नाही, असं सरांनी ठरवलं.

मागल्या खेपेला तर कहर झाला. चाकूरहून न्यायला खुद्द बसवंत दाजी आले. दाजी म्हणजे संगमेशच्या थोरल्या बहिणीचे, शिवगंगा अक्काचे यजमान. नांदेडच्या अलीकडे हमरस्त्यावर त्यांचं लॉन, कारंजं आणि झोपाळे असलेलं मोठं गार्डन हॉटेल आहे. दाजी आपल्या उंच, काळ्या, नव्या गाडीतून उतरले, अँबॅसडरला एक फेरी मारली, आणि लग्नाला आलेल्या स्थळाबद्दल बोलावं तसे बोलले.

“मामा, खामखा जीव आटवायलाव तुम्ही. द्या ही मला. हॉटेलासमोर ओटा बांधतो, त्याच्यावर उभी करतो. बॉनेट काढून आत काळी माती भरली की झेंडू लई झकास येतो बघा. गिऱ्हाईक फोटू काढंल. गाडीचं बी नाव राहील.”

आप्पांचा चेहरा सोयाबीनचा भाव पडल्यासारखा झाला.

“गाडी चांगली हाय माझी.”

“चांगली हाय, हाव. पण चाकूरपोतर.” दाजी चहावाल्याकडे बघून हसले. चहावाला कुणाच्याच बाजूनं हसला नाही, दोन्हीकडचं गिऱ्हाईक. “असं करा मामा, हॉटेलामागं घर बांधायलाव मी. वास्तूला याच गाडीत या. वाटेत न थांबता माझ्या दारात उभी केली, तर चार लोकांत कान धरतो. थांबली, तर गाडी माझी.”

“हाव,” आप्पा म्हणाले. “दिला शब्द.”

आडतीत शब्द दिला की दिला. तिथं कागद नंतर येतो. ज्या गाडीच्या मागच्या सीटवर संगमेश जन्मल्यावर दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आला, ज्या गाडीनं त्यानं चालवायला शिकताना महापालिकेचा एक खांब कायमचा तिरपा केला, त्या गाडीच्या पोटात झेंडू लागणार की नाही, हे असं चहा गाळला जाईपर्यंत ठरून गेलं. संगमेशला कुणी विचारलंही नाही. त्याला एक चोख उत्तर सुचलं होतं. दाजींच्या हॉटेलावर भलामोठा डिझेल जनरेटर होता. रोज वीज गेल्यावर तो तासन्‌तास बिनतक्रार चाले, आणि घरचं काही कार्य असलं की नेमका तापून बंद पडे. दाजी म्हणत, पाहुण्यांची दृष्ट लागते मशीनला. पण आपल्या बहिणीच्या नवऱ्याला मशीनवरून बोलणं बरं दिसत नाही. उत्तर गिळून संगमेश घरी आला आणि इंटरनेटवर गेला.

तिथं त्याला कळलं, की अँबॅसडरच्या इंजिनाचा एक सख्खा चुलत भाऊ विलायतेत आहे. तो एका दोन माणसांच्या स्पोर्ट्‌स गाडीत बसलेला असून त्याची प्रकृती ठणठणीत आहे, आणि त्याचं कारण म्हणजे त्याला ऑइल कूलर आहे. ऑइल कूलर म्हणजे इंजिनातलं तापलेलं तेल दोन पाइपांनी बाहेर, गाडीच्या नाकाशी आणायचं, तिथं बारीक पत्र्यांच्या जाळीतून वाऱ्यावर फिरवायचं, आणि गार करून परत इंजिनात धाडायचं. तापट माणसाला ओसरीवर आणून, वारा घालून परत आत पाठवतात, त्यातलाच प्रकार. संगमेशनं हे वहीत काढून, बाण दाखवून, बायकोला समजावलं.

“पण वाफ तर पाण्याची निघते ना?” अक्षरा म्हणाली. “तेलाची कुठं निघते?”

“तुझं कॉमर्स होतं,” संगमेश प्रेमानं म्हणाला.

सामान कोइमतूरच्या एका माणसाकडून आलं. कूलर, जाळीदार पाइप, जास्त ताकदीचा ऑइल पंप, आणि तेलाचं तापमान दाखवणारा एक देखणा काटा. पार्सल फोडताना समोरचे दयानंदकाका येऊन बसले. काका निवृत्त केंद्रप्रमुख. निवृत्त झाल्यापासून केंद्र आपल्याच घरासमोर आहे असं समजून राहतात.

“हे काय मागवलंस? जाळी?”

“ऑइल कूलर, काका.”

“कशाला? माझं ऐक. रेडिएटरमध्ये चिमूटभर हळद टाक. आमच्या साडूची जीप हळदीवर चालली सोळा वर्षं.”

“मग?”

“मग साडू गेले. जीप हाय अजून.”

शेषेराव मिस्तरींनी कूलर हातात घेऊन खालीवर पाहिला. आप्पांच्या गाडीवर त्यांचे हात पंचवीस वर्षं काळे झालेले. गाडी का तापते यावर त्यांची आजवर पुष्कळ मतं झाली होती आणि प्रत्येक मताप्रमाणे एक सुटा भाग बदलून झाला होता. एकच कोडं त्यांना सुटलं नव्हतं. गाडी तापते म्हणून पाणी उडून जातं, की पाणी उडून जातं म्हणून तापते? दर वेळी चाकूरला झाकण उघडावं तर रेडिएटर कोरडा; पाणी घालून पुढं जायची हिंमत कुणी करत नसे, गाडी तशीच लातूरला परत येई. शेवटी ते म्हणायचे, कोंबडी आधी का अंडं, हे देवाला ठाऊक; आपण दोन्ही बदलू.

“बसवू की,” ते म्हणाले. “लई दिवस झाले नवीन काही बसवलं न्हाई.”

बसवायला गेले तेव्हा कळलं, की विलायती कूलरचे आटे इंजिनाच्या आट्यांत बसत नाहीत. म्हणजे एक आटा बसतो आणि मग दोघंही हट्टाला पेटतात. लेथवाल्याकडून मधे घालायचा तुकडा करून आणला. तो पाइपाला बसला, इंजिनाला नाही. दुसरा केला, तो इंजिनाला बसला. मग दोन्ही एकमेकांना जोडले, तेव्हा सोयरीक जमली. कूलरला जागा हवी होती ती हॉर्ननं अडवलेली. हॉर्न काढला. पुढं कुठंच जागा न मिळाल्यामुळं शेषेरावांनी तो डिकीत नेऊन बसवला. तेव्हापासून संगमेशनं समोरच्याला बाजूला हो म्हणून हॉर्न दिला की मागचा दचकून बाजूला व्हायचा.

रेडिएटर धुऊन घेतला तेव्हा खालची जुनी पितळी तोटी बदलून नवा बोल्ट टाकू का, असं शेषेरावांनी विचारलं. पाणी काढायला असते ती तोटी, पाण्याच्या माठाला असते तशीच. संगमेश म्हणाला, “नको, मिस्तरी. मूळची आहे. मूळचं राहू द्या.” जुन्या गाड्यांच्या लोकांमध्ये मूळचं या शब्दाला फार मान असतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा दयानंदकाका बॉनेटमध्ये डोकं घालून हळदीचं प्रमाण सांगत होते. एक पाइप सुटला. तेल नव्या, ताकदवान पंपानं सुटलं, त्यामुळं पंपाबद्दल कुणाच्या मनात शंका राहिली नाही. काकांचा सदरा पांढरा होता. चष्मा काढून जिथं पुसायला कोरडं कापड उरलं नव्हतं तिथंच तो पुसत काका शांतपणे घरी गेले. उरलेलं तेल अंगणात थेंब थेंब गळत राहिलं. आतून संगमेशची आई आली. तिला घरात आणि गल्लीत सगळे अव्वा म्हणतात. अव्वांनी कुणाला काही न विचारता थेंबाखाली एक स्टीलची वाटी सरकवली आणि परत गेल्या.

अव्वांचा तो नियमच होता. जिथून काही गळतं तिथं भांडं. लातुरात नळाला पाणी कधी येतं हे पंचांगातही नसतं. आलं की घरातली पातेली, कळश्या, पिंपं, कुंड्यांच्या बशासुद्धा भरून घ्यायच्या. त्या रेल्वेच्या पाण्याच्या वर्षी तर अव्वा भांडी घासलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी बेलाच्या झाडाला आणि झाडाखाली झिरपलेलं पाणी मनातल्या मनात परत कळशीत भरत असत. दुष्काळ गेला, सवय राहिली. एखादं पाणी नुसतं बसून आहे, काही कामधंदा करत नाही, हे त्यांना बघवत नसे.

मधल्या काळात संगमेश एका विमा कार्यालयात जाऊन आला. गाडीत काही बदल केला तर कळवावं, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि संगमेश बारीक अक्षर वाचणाऱ्यांपैकी होता.

“काय बदललं?” साहेबांनी विचारलं.

“ऑइल कूलर बसवलाय.”

“म्हणजे इंजिन बदललं.”

“नाही, इंजिन तेच.”

“मग काही बदललं नाही असं लिहून द्या.”

“पण बदललंय.”

“मग गाडीच्या कंपनीचं ना-हरकत पत्र आणा.”

“कंपनीनं ही गाडी करायचं कधीच बंद केलंय, साहेब.”

“हरकत नाही,” साहेब समजूतदारपणे म्हणाले. “बंद केलंय म्हणून कंपनीकडून लिहून आणा.”

एका दुपारी, क्लासला सुट्टी होती म्हणून, संगमेशनं सहज गाडी काढली ती थेट मुरुडला नेली. जाऊन-येऊन गाडी इतकी शांत राहिली, की तो मुद्दाम दोनदा उतरून बॉनेटला हात लावून आला. बॉनेट कोमट होतं. तेलाचा देखणा काटा मधोमध, धर्मशाळेत झोपलेल्या प्रवाशासारखा पडलेला. चाकूरपेक्षा मुरुड काही जवळ नाही. संगमेशनं घरी येऊन पेढे वाटले. दयानंदकाकांनी पेढा घेतला आणि “हळद टाकली वाटतं शेवटी,” एवढंच म्हणाले.

वास्तूच्या आदल्या दिवशी शेषेराव येऊन रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी हिरवंगार कूलंट भरून गेले. “कुठं गळालं तर हिरवा माग राहतो,” ते म्हणाले. “मग चोर सापडतो.” गाडीचं पाणी आदल्या संध्याकाळी भरायचं, हा आप्पांनी घालून दिलेला शिरस्ता. सकाळच्या घाईत माणूस विसरतो.

सकाळी दारात असा सडा पडला होता, की समोरच्या उमाबाई, म्हणजे दयानंदकाकांच्या मंडळी, फाटकातच थबकल्या.

“अव्वा, काय सुरेख सारवल्यावानी दिसायलंय! ह्या कॉलनीत शेण कुठनं मिळालं हो?”

“कुठलं शेण, बाई,” अव्वा रांगोळीची शेवटची रेघ ओढत म्हणाल्या. “असंच.” प्रवासाला निघायच्या दिवशी दारात सडा-रांगोळी झाल्याशिवाय गाडीचं चाक हलू द्यायचं नाही, हा अव्वांचा शिरस्ता. त्यात आज तर गाडीच्या अब्रूचा दिवस. सडा नेहमीपेक्षा मोठा होता. हिरवट, ओलसर, फाटकापर्यंत. संगमेशनं तो पाहिला आणि मन प्रसन्न होऊन गाडी त्याच्यावरून बाहेर काढली.

निघताना दाजींचा फोन आला. “सर, मोबाइलवर लोकेशन चालू ठेवा. इथं पाहुण्यांना टीव्हीवर लावून देतो. ठिपका कसा येतो बघू द्या.”

ठिपका छान निघाला. आष्टामोड गेलं. आप्पा पुढं ताठ बसले होते. मागं अव्वा आणि अक्षरा. संगमेशची नजर तेलाच्या काट्यावर. काटा मधोमध. तो इतका मधोमध होता, की संगमेशनं जन्मात पहिल्यांदाच चाकूरच्या पाटीकडं प्रेमानं पाहिलं. आणि पाटीच्या पुढं, बॉनेटच्या फटीतून, थोडी वाफ आली.

मग बरीच वाफ आली.

चिंचेखाली बाकडं आधीच सावलीत होतं.

“तेल बघ,” आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“तेल गार आहे, आप्पा.” संगमेशनं काट्यावर टिचकी मारली. काटा मधोमध. “तेलाला काहीच झालेलं नाही.”

झाकण उघडण्याइतकं गार झाल्यावर उघडलं. रेडिएटर कोरडा. संगमेशनं शेषेरावांना फोन लावला. शेषेराव म्हणाले, “हिरवा माग बघा, सर. कुठंतरी असंलच.” संगमेश गाडीखाली शिरला. पाइप कोरडे. इंजिन कोरडं. रस्ता कोरडा. गाडीखाली हिरवा ठिपका नाही की थेंब नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या झब्ब्यावर सगळ्या रंगांचे डाग होते, हिरवा सोडून.

“हिरवं तर आपल्या दारात होतं,” अक्षरा म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. मग सगळे अव्वांकडं बघू लागले.

अव्वांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“ते व्हय? ते गाडीचंच होतं.”

“गाडीचं?”

“खालच्या तोटीचं. कळशीभर निघतंय की. सड्याला बेस होतंय.” अव्वांच्या आवाजात कसलाही गुन्हा नव्हता. “आज मात्र जरा हिरवं आलं. मला वाटलं नवीन सामान बसवलंस, पहिल्या धुण्याला रंग गेला असंल.”

“अव्वा,” संगमेश फार हळू म्हणाला, “तू दर वेळी काढतेस?”

“दर वेळी कशाला? गाडी निघायची असंल त्याच दिवशी. एरवी कशाला हात लावू मी?” त्या थोड्या रागावल्याच. “त्या रेल्वेच्या वर्षापासनं काढायलाव. आख्खी रात्र पाणी नुसतं बसून असतंय त्याच्यात.”

“आणि गाडीला?”

“निघताना तू भरत असशील की! एवढा शिकलेला हायस.”

मुरुडला का पोचलो, हे संगमेशला कळलं. दुपारी कुणी सडा टाकत नाही. विलायती कूलर, लेथवाला, काकांचा सदरा, डिकीतला हॉर्न, हे सगळं एका कळशीच्या जागी बसवलेलं होतं. आणि ही गाडी सुखरूप जावी म्हणूनच दर वेळी तिच्यातलं पाणी काढून तिच्याच पुढं शिंपलं जात होतं.

फोन वाजला.

“सर,” दाजींचा आवाज आला. मागं बऱ्याच लोकांचा आवाज होता. “ठिपका चाकूरला बसलाय. चहा पिऊन राहिलाव का?”

संगमेशनं तोंड उघडलं. एका वाक्यात गाडी निर्दोष सुटत होती. गाडी थांबली नाही, थांबवली गेली, शब्द रद्द. त्यानं अव्वांकडं पाहिलं. त्या पदर नीट करत होत्या. त्यांना आता हळूहळू उमगत चाललं होतं. हाताची बोटं पदराच्या एकाच काठावर पुन्हा पुन्हा फिरत होती. लेकीच्या सासरी, नव्या घरात, टीव्हीसमोर बसलेले पाहुणे.

“पाणी भरायचं राहिलं, दाजी,” तो म्हणाला. “माझ्याच हातून.”

पलीकडं हॉटेल हसलं. कारंजंसुद्धा हसत असावं.

“पाणी? आन्‌ तो विलायती कूलर?”

“तो उत्तम चालला. तेल अगदी थंड आहे.”

चहावाल्यानं दोन घागरी पाणी दिलं. गाडीनं चाकूर ओलांडलं. अहमदपूर, लोहा, सगळं तिनं नव्या सुनेसारखं बघत बघत पार केलं. कुठं हूं नाही की चूं नाही. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. चाकूरनंतर ते एकदाच बोलले. “लई चांगली चालायली रे,” आणि पुन्हा बाहेर बघू लागले. हे जास्त वाईट होतं.

हॉटेलासमोर ओटा तयार होता. चुना मारलेला. कडेला झेंडूची रोपं प्लास्टिकच्या पिशव्यांत रांगेनं उभी. दाजींनी हार घालून स्वागत केलं, हार गाडीला. मग प्रत्येक पाहुणा आळीपाळीनं येऊन संगमेशला विचारू लागला, “सर, हीटच्या धड्यात पाणी येतं का हो?” संगमेश प्रत्येकाला “येतं, शेवटी येतं,” असं सांगत राहिला.

पूजेला स्वामी बसले होते, माइक तोंडाशी होता. मंत्र ऐन रंगात आला आणि वीज गेली. दाजींनी बोट वर केलं. मागच्या शेडमधून जनरेटर धडधडून सुरू झाला. पंखे फिरले, मंत्र पुढं गेला, पंगतीसाठी विहिरीवरची मोटर चालू झाली. थोड्या वेळानं जनरेटरचा सूर बदलला. संगमेशनं कान टवकारले. त्याला तो सूर ओळखीचा होता. मग घरघर, मग उसासा, मग माइक बंद. स्वामींचे ओठ हलताना नुसते दिसू लागले.

“लागली बघा दृष्ट!” दाजी ओरडले.

संगमेश उठून शेडमागं गेला. जनरेटरपुढं चांगला दारासारखा रेडिएटर होता. त्याच्या खाली पितळी तोटी. तोटीखालची जमीन ओली. शेजारी एक बादली पालथी घातलेली, स्वच्छ धुऊन. त्यानं वळून पाहिलं. अक्का दारात उभी होती, तोंडावर हात ठेवून. चाकूरची हकीकत अव्वांनी तिला नुकतीच स्वैपाकघरात सांगितली असावी.

“अक्का,” तो म्हणाला. “तू पण?”

“आज वास्तू हाय म्हणून जरा मोठा टाकला रे सडा.”

“नांदेडला गोदावरी आहे, अक्का.”

“असंल. पण मशीनमधी पाणी नुसतं बसून राहिलेलं मला बघवत न्हाई.”

पावलं वाजली. दाजी आले, त्यांच्यामागं सकाळचे सगळे टीव्हीवाले पाहुणे. दाजींच्या कपाळावर घाम होता. माइक मुका, मोटर बंद, पंगतीला पाणी नाही, आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला आमंत्रण दिलेलं.

“काय झालंय, सर? तुम्ही हीटवाले. सांगा की!”

संगमेशनं अक्काकडं पाहिलं नाही. त्यानं जनरेटरला लांबूनच एक फेरी मारली, दाजींनी अँबॅसडरला मारली होती तशीच. मान हलवली. चष्मा काढून पुसला.

“दाजी,” तो म्हणाला, “याला ऑइल कूलर लागतो.”

“तुमच्याकडं हाय की तो!”

“आहे. पण गाडीला आहे. गाडी ओट्यावर चढली, आत काळी माती भरली, की मग तो कसा निघणार? त्याच्यावर झेंडू येणार.”

दाजी विचारात पडले. आतून कुणीतरी ‘पाणी, पाणी’ म्हणालं.

“गाडी न्या तुम्ही परत. कूलर तेवढा काढून द्या.”

“शब्दाचं काय?” आप्पा मागून म्हणाले. हा माणूस या गाडीसाठी आतल्या आत तुटत होता, पण आडतीतला होता. “शब्द दिलेला हाय मी.”

“मामा, तुमचा शब्द तुम्हाला परत!” दाजी हात जोडून म्हणाले. “चार लोकांत परत दिला. कान बी धरतो पाहिजे तर.”

“धरा,” आप्पा म्हणाले.

दाजींनी कान धरले. तेवढ्यात अक्का कुठूनतरी पाण्याच्या बादल्या घेऊन आली आणि संगमेशनं “कूलर बसेपर्यंत तात्पुरता इंतजाम” म्हणून त्या जनरेटरमध्ये ओतल्या. जनरेटर सुरू झाला तो पंगत उठेपर्यंत थांबला नाही. स्वामींचा मंत्र जिथं तुटला होता तिथून पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एका फिटरनं कूलर काढला, गाडीच्या तेलाच्या वाटा पूर्ववत बंद केल्या, आणि कूलर जनरेटरला बसवला. कसा बसवला हे त्याचं तोच जाणे. आटे तिथंही जुळले नव्हते. दाजींनी कूलरला गंध लावून हार घातला आणि गिऱ्हाइकांना दिसेल अशा बाजूला शेडची भिंत पाडली. तेव्हापासून कोणत्याही कार्याला तो जनरेटर बंद पडलेला नाही. विलायती चीज आहे, असं दाजी सांगतात. अक्का मान डोलावते.

परतताना आप्पा पुढं, अव्वा आणि अक्षरा मागं. चाकूर दिसलं. चहावाल्यानं बाकडं सावलीत ओढलं आणि कपाळावर हात धरून वाट बघत उभा राहिला. गाडी त्याच्यासमोरून सरळ निघून गेली. संगमेशनं हॉर्न दिला. डिकीत असल्यामुळं तो गाडी पुढं गेल्यावर चहावाल्याला फार स्पष्ट ऐकू आला असणार. आरशात त्याचा हात वर गेलेला दिसला, हातात किटली.

आष्टामोड मागं पडल्यावर अव्वांनी पुढं वाकून, जणू सहजच, विचारलं,

“तो कूलर दिलास त्यांना. त्याला तोटी होती का रे?”

“नव्हती, अव्वा.”

“मग दिलास ते बरं केलंस,” अव्वा म्हणाल्या आणि मागं टेकून बसल्या.